जुनी वेस

झुगदिदीत बाजारामागे
हेझलनटच्या गोदामावर दोन खोल्यांचं ऑफिस.
कुताइसीहून पहाटेच्या मार्शुत्कानं आले,
मांडीवर वापरलेला राउटर,
लोकरी मोज्यात गुंडाळलेली कन्सोलची केबल.

खुता, मालक, म्हणाला: गेल्या हंगामात
खालच्या वजनकाट्याच्या संगणकाला व्हायरस लागला
आणि जिन्याची पायरी न चढता वर हिशेबात शिरला.
तेव्हाच मी तार उपटली.
आता आधी नीट वेगळं कर. मग जोड.
पण जोडायचं ते बेतानं.
(माझ्या सासूनं वाटणीच्या वेळी हेच शब्द वापरले होते.)

वेगळं करणं सोपं.
चोवीस पोर्टांचा एकच स्विच:
पहिले बारा हिशेबाचे, व्हीलॅन दहा,
पुढचे दहा गोदामाचे, व्हीलॅन वीस.
एका पत्र्याच्या पेटीत दोन गावं वसली,
भिंतीला भिंत, आणि हाकेला हाक पोचेना.

तोवर मझेविनार खिडकीतून
दोरीनं टोपली खाली सोडतच होती,
बोंदो तिच्यात वजनाची चिठ्ठी ठेवत होता.
सबंध हंगाम असंच, म्हणाली. अंगठा सोललेला.

चोविसाव्या पोर्टातून एक तार राउटरला.
तार एकच, ये-जा दोन्ही गावांची,
प्रत्येक पाकिटाच्या कपाळी आकडा, दहा की वीस.
राउटरच्या एका दाराला दोन उंबरे केले,
प्रत्येक गावाला आपापली वेस:
ज्याला वाट ठाऊक नाही त्यानं इथं यावं.

पिंग केलं.
काही नाही.
राउटरवरून केलं, तर काटा लगेच ओ देतो.
हिशेबाच्या खोलीतून केलं,
गप्प.
मग दिवे गेले. साठवायचं राहिलं होतं.
सगळं पुन्हा टाइप केलं,
बोंदोकडून सकाळी ऐकलेली मिंग्रेली शिवी स्वतःलाच घालत.

जेवताना घोमीत चीजचा तुकडा दाबत बोंदो म्हणाला,
पोरगा पोलंडला आहे. तीन पत्रं आली परत.
घर बदललंय हे आम्ही त्याला कळवलंच नव्हतं.

मी हात न पुसताच खाली धावले.

काट्याच्या संगणकात अजून जुनीच वेस लिहिलेली,
भंगारात जाऊन वर्ष झालेल्या राउटरची.
वरचे प्रश्न सगळे पोचत होते.
उत्तरं तो तिकडे पाठवत होता,
त्या नसलेल्या वेशीकडे,
इमानानं, एकामागून एक.

पत्ता बदलला. पिंग.
पहिलं हरवलं; ते बहुतेक हरवतंच, घर विचारता विचारता.
मग तीन आली. एक मिलिसेकंद. एक. एक.

शेवटी नियम लावला: खालून वर फक्त वजन.
बाकी कशालाच वाट नाही.

चार वाजता मझेविनारच्या पडद्यावर आकडा उमटला:
तेहेतीस पोती, एकोणीसशे ऐंशी किलो.
ती बघत राहिली. मग सवयीनं दोरी सोडली.
टोपली वर आली तेव्हा चिठ्ठी नव्हती,
मूठभर हेझलनट होते,
आणि फोडायला एक चपटा दगड.

ही वाट माझ्या नियमांत कुठंच नव्हती.
मी दोन हेझलनट उचलले,
आणि या खेपेला साठवायला विसरले नाही.