झाकलेली वाटी

मुनीर तापातून उठला
तेव्हा हुरमतबीनं पाळलेला बोकड सोडला.
जिवाच्या बदल्यात जीव.

वीटभट्टीवर वाटून आली सगळा,
पळसाच्या पानांत:
काळीज, खूर, मुंडीसुद्धा.
घरी चुलीवर अंबाडीची भाजी.

"आपल्याले काहून नाई?"
"सदका हाय बाप्पा,
आपुन तोंडी लावाचा नसते."
पोरगं हात हुंगत बसलं.

दिवेलागणीला
मेळघाटातून भट्टीवर आलेली सुमरती
झाकलेली वाटी घेऊन दारात.
लाल तर्री, दोन बोट्या.

"तुमी देल्लं तवा तुमचं होतं.
आता माह्या हातचं हाय."

हुरमतबी वाटीकडे बघत राहिली.
हदीस आठवत होती,
की तिखटाचा अंदाज घेत होती,
कोण जाणे.

मग तिनं भाकर मोडली.
तीन तुकडे.