पुढची स्लाइड

उभादांड्याच्या चर्चमध्ये
पडद्यावर समुद्राचं ऊन येतं,
म्हणून खिडकीला होडीची ताडपत्री.

मागे लॅपटॉपपाशी ऑस्बर्ट, इयत्ता नववी.
फादर म्हणाले, मिस्साभर तुझं लक्ष बटणावरच.
खरंय.
ओळ संपते, लोक श्वास घेतात,
तेवढ्यात स्लाइड बदलायची.
दोनशे माणसांचा श्वास
त्याला आता पाठ झालाय.

रेमेदिन मावशीला वाचता येत नाही.
ती डोळे मिटून गाते,
शेवटचा शब्द ओढत नेते
रापणीच्या दोरासारखा,
सगळे गप्प झाले तरी.

कोयरची पोरं वळून खुणावतात, चल ना!
ऑस्बर्टचं बोट बटणावर.
दाबत नाही.

पडद्यावर तीच ओळ,
आणि ताडपत्रीच्या भोकातून आलेलं
उन्हाचं नाणं
तिच्यावर हलतंय.