उतारावरची जमा

सीमा ओलांडली की गाडी मला ढकलू लागते.
मागे अडुसष्ट डबे, दर डब्यात शंभर टन दगड.
दगड म्हणायचं नाही, खनिज म्हणायचं,
असं कंपनीच्या पत्रकात आहे.
पण रात्री दोन वाजता, उणे एकतीसमध्ये
कीरूनाहून नार्विकला जो उतरतो
तो दगडच.

मी ब्रेक लावते, पण पूर्वीसारखा नाही,
चाकावर ठोकळा घासून, ठिणग्या उडवून,
बर्फात जळका वास सोडून.
आता दांडा फक्त मागे ओढायचा.
मोटार उलटी कामाला लागते
आणि डोंगराची उंची
थोडी थोडी करून वरच्या तारेत परत जाते.
पडद्यावरचा काटा शून्याच्या डावीकडे कलतो,
एखादा उधारीवाला
वर्षांनी दारात येऊन पैसे मोजू लागावा तसा.

कात्तेरातला ऊड-बियार्ने थांबलेला असतो
रिकामी गाडी घेऊन, वर जायला.
दिवा दोनदा मिचकावतो.
त्याच्या चढाला माझा उतार लागतो.
इतक्या वर्षांत एकत्र कॉफी प्यायलो असू
फार तर चारदा.

आयलू आजोबा घसरगाड्यांची माळ घेऊन याच खिंडीतून जायचे,
पीठ, मीठ, दोरखंड, एकदा कुणाचं तरी शिवणयंत्र.
उतार आला की सर्वांत हट्टी रेनडियर
शेवटच्या गाडीच्या मागे बांधायचे.
तो पाय रोवायचा, मान ताणायचा, मागे खेचायचा,
म्हणून पुढची माळ दरीत जायची नाही.
खाली पोचेतो त्याच्या तोंडाला फेस.
ती सगळी ओढ गेली कुठे?
बर्फात दोन चर,
सकाळी तेही बुजलेले.

लुलेओहून हिशेबनीस आला होता, तुर्केल,
स्वच्छ नखांचा, हळू बोलणारा माणूस.
टनामागे किती ओरे वाचले ते त्याने भिंतीवर दाखवलं,
हिरव्या रंगात. मग म्हणाला,
जाताना भरून, येताना रिकामे,
हे अजून खटकतं.
कुणीतरी मागून ओरडलं, मासे भरा!
सगळे हसले. लोखंडाच्या भुकटीत लोळवलेला सामन मासा
कोण खाईल?
तुर्केल हसला नाही. त्याने ते लिहून घेतलं.

भरल्या गाड्याला सूप जड नाही म्हणतात.
रिकाम्या गाड्याचं कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.
मी चालवते, मला माहीत आहे,
त्याला स्वतःचंच ओझं होतं,
डबे एकमेकांवर आपटतात,
वारा आत शिरून घुमतो.

आणि एक रकाना तुर्केलच्या भिंतीवर नव्हता.
गेल्या मार्चमध्ये, तळ्याच्या वळणावर,
रुळांवर बर्फ कमी म्हणून कळप तिथे उभा होता.
आठ हजार टन असे थांबत नाहीत.
भोंगा वाजवला. दांडा पूर्ण मागे ओढला.
काटा डावीकडे गेला, कधी नव्हता इतका डावीकडे,
तारेत भरभरून वीज गेली.
अकरा.
त्यांतल्या सातांच्या कानांवर माझ्या भावाची खूण होती.
योव्नाला कंपनीने भरपाई दिली, वेळेवर.
त्या महिन्याचं वीजबिल कमी आलं,
तेही खरं.

तेव्हापासून त्या वळणाआधी मी वेग काढते.
चार मिनिटं जातात.
आलेखात तिथे एक खळगा दिसतो रोज,
आणि तुर्केलने अजून त्याबद्दल विचारलेलं नाही.

खाली फ्योर्डवर डबे रिते होतात,
पोट धरून हसल्यासारखा आवाज होतो.
थर्मासमधली कॉफी संपते.
मग मी गाडीचं दुसरं टोक गाठते
आणि वर जायला निघते, हलकी,
कात्तेरातला बाजूच्या रुळावर थांबते,
काळोखात वर बघत.
कोण उतरतंय आज? आन-ब्रिट असेल.
तिचा हात दांड्यावर जड आहे.
बरं आहे.
मी दिवा दोनदा मिचकावते.