बर्फावरचा पट्टा

ओउलूत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
ताइस्तोने नवा टीव्ही भिंतीला लावला,
हॉकी सुरू झाली
आणि पांढऱ्या बर्फावर एक मळकट पट्टा.
खेळाडू सुसाट, कॅमेरा त्यांच्यामागे,
पट्टा जागच्या जागी,
काचेवरून कुणी ओला हात फिरवावा तसा.

हिल्का म्हणाली, बाबा, मला काही दिसत नाही.
त्याने पडदा नुसता करडा करून पाहिला,
दिवे मालवून, खुर्ची मागेपुढे ओढत:
कोपरे काळवंडलेले, मधोमध ढग.
बदलून आणला.
याचा डाग डावीकडे.

एकतीस वर्षं त्याने रिंकवर बर्फ घातलाय,
रात्री, एकटा, पाण्याचं यंत्र चालवत.
दक्षिणेच्या दारापाशी तो पिवळटच धरायचा,
कितीही थर द्या.
चार हजार माणसं यायची,
कुणी कधी ब्र काढला नाही.
ताइस्तोला मात्र सामना आठवत नाही एकही.
दार आठवतं.

परतीच्या मुदतीला एक दिवस उरला तेव्हा
त्याने खोकं फाडून
सौनाच्या चुलीत घातलं.

आता गोल झाला की हिल्का ओरडते.
आणि तो,
अर्धा क्षण उशिरा.