चाळीस फ्रेम

ओस्त्रावाच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
खुर्ची क्रमांक सहा.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही.
माझं रक्त मला सोडून फेरफटका मारायला जातं
आणि चार तासांनी धुऊन-पुसून घरी येतं.

भिंतीतली सॉकेटं डायलिसिसच्या यंत्रांसाठी.
"तुझ्या खेळण्यासाठी नाहीत,"
सिस्टर द्राहोमीराने पहिल्याच दिवशी सांगितलं.

म्हणजे हिशेब असा:
चार तास, आणि चाळीस वॉट-तासांची बॅटरी.
पंधरा वॉट मोकळे सोडले तर साठ फ्रेम,
गवताचं पातं न् पातं वेगळं डुलतं,
पंखा किटलीसारखा सुंसुंतो,
आणि दोन तास भरायच्या आत पडदा काळा.
उरलेला वेळ मी आणि छत.
(छताच्या एका फरशीत एकशे बारा भोकं आहेत.)

खेळ विंडोजसाठी लिहिलेला, यंत्र लिनक्सचं.
मध्ये एक दुभाषा बसलाय.
खेळाने काही मागितलं की हा ते इकडच्या बोलीत सांगतो,
आलेलं उत्तर पुन्हा त्याच्या बोलीत,
इतकं झटपट, की खेळाला पत्ताच लागत नाही
आपण परक्या गावात उतरलोय.
पहिल्या वेळी मात्र थांबावं लागतं.
शेडर तयार होत असतात;
बटाटे शिजेपर्यंत झाकण उघडू नये, तसं.
एकच खेळ उघडला नाही, ऑनलाइन नेमबाजीचा.
त्याचा पहारेकरी दुभाष्यालाच चोर समजला.

खुर्ची सात: ओताकार श्तेर्बा.
एकोणतीस वर्षं कोळशाच्या खाणीवर
पाळणा खाली सोडला, वर घेतला.
मान तिरकी करून माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात बघत होता.
"हा आकडा कसला?"
सेकंदाला किती चित्रं, त्याचा.
"आणि ही रेघ?"
दोन चित्रांमधलं अंतर.
तेवढ्यात घोडा बाजारपेठेत शिरला,
साठाचे अडतीस झाले, पुन्हा पंचावन्न, पुन्हा एकेचाळीस,
रेघेची करवत झाली.

"वेग सोड रे," म्हातारा म्हणाला.
"दोर हळू सुटला म्हणून कोणी घाबरत नाही.
दोर अडखळला की घाबरतात.
पाळण्यात चौदा जण असायचे.
आपण खाली चाललोय हे पोटाला कळू द्यायचं नाही,
एवढीच माझी नोकरी."

मग मी उतरत गेलो.
सावल्या मध्यम, गवत कमी, धुकं बंद,
पडदा चाळीसवर, फ्रेम चाळीसवर, वीज आठ वॉट.
रेघ आडवी झोपली.
पंखा इतका गप्प, की शेजारच्या यंत्राचा पंप ऐकू यायला लागला.

त्यालाही हवं होतं.
उजव्या हाताला जमतील तेवढी बटणं मी मागे वळवून दिली,
यंत्र उशीवर टेकवलं.
त्याने तलवार एकदाही काढली नाही.
दरोडेखोरांचा किल्ला टाळून, नदीकाठाने,
घोड्याला चालवत न्यायचा, फक्त चालवत.
दुसऱ्या कप्प्यात त्याचा खेळ जतन आहे.

फेब्रुवारीतल्या शुक्रवारी सातवर एक बाई, शब्दकोडं घेऊन.
"रात्री दोनला फोन आला त्यांना," सिस्टर म्हणाली,
पट्टी चिकटवता चिकटवता. "जुळलं."
मला आनंद झाला.
खरंच झाला.
मग थोडा वेळ रेघेची करवत झाली.
यादीत माझं नाव त्याच्या आधीपासून आहे.

दुसरा कप्पा उघडला.
घोडा नदीवर, मान खाली.
मी कुठलंच बटण दाबलं नाही.
पाणी हलत होतं, चाळीस वेळा, एकसारखं,
काठावरचं गवत कमी, सावल्या मध्यम.

यंत्राने शिट्टी दिली तेव्हा बॅटरीत तीन टक्के होते.
सुया काढताना सिस्टरने विचारलं,
"कुठवर पोचलास?"
म्हटलं, पाणी पितोय.