रुमालाखाली

कुपवाडच्या शेडमध्ये रात्री अकराला
श्रेणिकनं दोन्ही कागद
बेदाण्याच्या रिकाम्या बॉक्सवर मांडले.
पंखा बंद केला, उडू नयेत म्हणून.

एक पुण्याचा.
साठ लाख, अठरा टक्के हिस्सा
आणि आमच्या बैठकीत त्यांची एक खुर्ची.
आमच्याकडे खुर्च्या तीनच,
त्यातल्या एकीचा पाय वेल्डिंगचा.
फेडायचं काहीच नाही, म्हणाले होते ते,
फक्त पाच वर्षांत दसपट व्हायचं.

दुसरा कागद कोरडा.
वीस लाख. विक्रीच्या रुपयामागे सात पैसे,
अठ्ठावीस लाख भरेपर्यंत.
जुलैत, कोणी यंत्राकडे ढुंकूनही बघत नाही तेव्हा,
शून्याचे सात टक्के.

"विसात काय होतंय? दोन पोरं, चार कॅमेरे.
साठात नाशिक गाठू की."
नाशिकला कोण बोलावतंय, मी म्हटलं.
तो हसला नाही.
त्याच्या घराचा हप्ता पाच तारखेला जातो,
हे मला ठाऊक आहे.

आणि सात पैसे तसे गरीब नाहीत.
ते नफा बघत नाहीत, विक्री बघतात.
तोट्यात दिलेल्या यंत्रावरही सात पैसे.
मी तीनदा गुणून पाहिलं,
मोबाईलवर, पेनानं, मग झोप येईना म्हणून मनात.

सकाळी तासगावला सौद्यात यंत्र लावलं.
गुणपालअण्णा अडते सांगत होते,
पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचा,
बोटांनी बोटं दाबून.
बघणाऱ्याला दोन चेहरे दिसायचे, बस्स.
"आणि बोटं चुकली तर?"
"चुकली तर चुकली. हात काढला की सौदा."

हिरवा दाणा एकीकडे, काळा एकीकडे
पडत होता टपटप.
कोल्ड स्टोरेजवाले मुजावरचाचा
बराच वेळ बघत राहिले. किंमत विचारली नाही.
म्हणाले, "बिघडलं तर फोन कुणाला करायचा, पोरी?"

मी नंबर दिला. माझाच.
देताना वाटलं, पाच वर्षांनी
हा प्रश्न कुणीतरी विचारेल
आणि त्या चौथ्या खुर्चीला उत्तर ठाऊक नसेल.

रात्री श्रेणिकला सांगितलं.
"हा काय हिशेब झाला?"
नाही झाला. खरंच नाही झाला.

पण पेन घेऊन मी दुसऱ्या कागदावर वाकले
तेव्हा त्यानं काही न बोलता
बॉक्स दोन्ही हातांनी धरला,
हलू नये म्हणून.