पहिला दिवा

आधी घराचा फोटो लागतो.
रेइनो कांगासनं तो ऑगस्टमध्ये काढला,
पिकअपच्या टपावर उभं राहून,
म्हणून त्यात डावीकडे बर्चचं झाड आहे
पानांनी लगडलेलं, छपराचा एक उतार झाकणारं,
आणि पायरीवर कुणाची तरी एकच चप्पल.

आता ऑक्टोबर. निगॉनी गावात पहिलं भुरभुर बर्फ.
तळघरात हीटर गुरगुरतो.
पडद्यावर फोटो अंधूक करून
तो त्यावर रेघ ओढतो आहे:
वळचणीपासून आढ्यापर्यंत, आढ्यावरून खाली,
प्रत्येक कोपऱ्याला एक टिंब.
झाडामागचं छप्पर दिसत नाही,
तिथं तो अंदाजानं जातो.
एकतीस हिवाळे बर्फाचा नांगर चालवलाय त्यानं,
गाडलेल्या रस्त्याची कड
पात्याला खरचटू न देता ओळखतो.

या तुकड्यात दिवे किती, सॉफ्टवेअर विचारतं.
बेचाळीस.
या तुकड्यात?
बेचाळीसच. दोन्ही उतार सारखे,
माझ्या सासऱ्यानं बांधलेत, ओळंबा लावून.
आणि इथं?
इथं काही नाही. इथं वायर नुसती
या शिखरावरून त्या शिखरावर जाते.
पण वायरवर दिवे आहेत ना?
आहेत सात. काळ्या टेपमध्ये गुंडाळलेत.

मग तेही मोजायचे, असं एमेटनं बजावलंय.
एमेट शेजारचा, वय बारा,
हे सगळं त्यानंच शिकवलं, तासाला दोन डॉलर घेऊन.
न पेटणारे सोडून दिलेत काका,
तर पुढचे सगळे पेटणारे
सात सात पावलं चुकतात.

शेवटी एक छोटा हिरवा ठिपका:
पहिला दिवा कुठला?
रेइनो म्हणाला, गॅरेजपाशी. प्लग तिथं आहे.
आयली कॉफी घेऊन जिन्यात उभी होती.
घर काय गॅरेजपासून सुरू होतं?
मग कुठून?
सौनापासून. बाबांनी आधी सौना बांधला,
पहिला हिवाळा आम्ही तिथंच काढला,
घर नंतर आलं.
सौना मागच्या अंगणात आहे, आयली.
फोटोत नाही. रस्त्यावरून कुणाला दिसणार?
ती काही बोलली नाही. कप ठेवला आणि वर गेली.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी शिडी, हातमोजे, क्लिपा.
अंधार पडल्यावर बटण दाबलं
आणि डावीकडून धावायचा तो उजेड
उजवीकडून निघाला, उलट्या पावलांनी,
बर्चच्या उघड्या फांद्यांमागून गेला
आणि आढ्यावर पोचायच्या आधीच वळला.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणावं, तर
घर जागच्या जागी होतं.
काय उजेड पाडलास, आयली म्हणाली,
आणि एमेट इतका हसला की बर्फात बसला.

दिशा एका टिचकीत बदलली.
आढ्याला आणखी दोन रात्री लागल्या.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी लोक आले,
गाड्यांच्या काचा खाली, रेडिओ लावून.
रेइनो नव्हता.
चौदा इंच पडणार होतं, नांगर निघाला होता.
स्वतःच्या घरावरचा खेळ
त्यानं आजवर पडद्यावरच पाहिलाय,
बोटाएवढ्या घरावर,
ऑगस्टच्या पानांमागे.

पहाटे चारला तो मागच्या गल्लीनं परतला.
पुढचं सगळं दहालाच बंद झालेलं.
सौनाच्या बुटक्या वळचणीला मात्र
पिवळे दिवे स्थिर, न धावता,
त्यांच्याखाली धुराडं हलकं धुरत होतं,
म्हणजे तिनं लाकडं घातली होती.

त्यानं इंजिन बंद केलं.
मोजले. अकरा.
पडद्यावर आपण बारा लिहिलेत.
असू दे, उद्या बघू,
म्हणत तो बूट झटकू लागला.